माशांचं बिऱ्हाड हलवताना



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात त्यांचा सिमेंटचा हौद आहे. सासऱ्यांनी हौसेनं सोडलेले दहा-बारा मासे त्यात चांगले मोठे झालेत. आता हौदाला चीर गेली आहे. गवंडी सोमवारी येतो म्हणतोय आणि घरातले म्हणतात, ‘चार दिवसांचा तर प्रश्न, ठेव ते मासे माळ्यावरच्या घंगाळात.’ बाईंनी विचारलंय, चालेल का?

नाही चालणार, बाई. घंगाळात तर मुळीच नको. का नको ते पुढे सांगतेच. पण हे पत्र वाचून मला माझीच तीन वर्षांपूर्वीची फजिती आठवली. फजिती कसली, चूकच ती. तिचं खापर मी भलत्याच माणसाच्या माथी फोडलं होतं. आज पाककृती आणि विणकाम बाजूला ठेवून तीच गोष्ट सांगते. तुमच्या दारी हौद असो, कमळाचं कुंड असो की शेतावर तळं असो, कधी ना कधी उपयोगी पडेल.

आमचं तळं

आमचं घर पोशेऱ्याला, मोखाडा तालुक्यात. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि होळी उलटली की बायका हंडे घेऊन विहिरीकडे निघतात. वैतरणेवरच्या धरणांतून मुंबईला पाणी जातं आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, अशी आमची तऱ्हा. त्यामुळे पाणी साठवायची हौस इथे सगळ्यांनाच. २०१६ साली सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यानंतर तर राज्यभर शेतांत काळ्या-निळ्या प्लॅस्टिकची अस्तरं दिसू लागली. आमचं तळं मात्र योजनेतलं नव्हे. सासऱ्यांनी परसात घरच्या घरी खणून घेतलेलं, वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, आत पाचशे मायक्रॉनचं अस्तर. भाजीला पाणी आणि त्यात रोहू, कटला, सायप्रिनस असे थोडे मासे. सासरे गेले. तळं राहिलं आणि मासे सासूबाईंचे झाले. सकाळी देवपूजा झाली की पहिली मूठ तळ्याकाठी, हा त्यांचा नेम.

तीन वर्षांपूर्वी काय झालं

ऐन वैशाखात मोकाट गुरं तळ्यात उतरली आणि खुरानं अस्तर फाटलं. दोन दिवसांत पाणी इतकं उतरलं की गुडघाभर गाळच उरला. घाईघाईनं आम्ही मासे काढले. वीत-वीतभर लांबीचे एकतीस मासे. सतरा पाचशे लिटरच्या काळ्या टाकीत आणि सात-सात दोन निळ्या ड्रममध्ये. आदल्या दिवशीचं साठवणीचं पाणी होतं तेवढं त्यांत ओतलं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “जीव कोंडलाय गं त्यांचा, पोट तरी भरू दे.” आणि त्यांनी दुपारचा उरलेला भात तिन्हीकडे घातला. मी पाहिलं, पण बोलले नाही.

पहाटे उठून बघते तो सगळे मासे वर येऊन तोंडं उघडी-मिटी करताहेत. पाणी गढूळ, वर फेस. मी घाबरले. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. भराभर बादल्या भरल्या आणि टाकीत ओतल्या, मग पहिल्या ड्रममध्ये. दुसऱ्या ड्रमपाशी येईतो नळ गेला. त्या ड्रममधलं पाणी मग मी मगानं उचलून वरून सोडत बसले, तासभर.

दुपारपर्यंत टाकीतले सतरा आणि पहिल्या ड्रममधले सात मेले. दुसऱ्या ड्रममधले सात वाचले. ते ओळखीच्यांच्या शेततळ्यावर पोचवले आणि श्रावणात परत आणले.

त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, “आई, तुमच्या भातानं घात केला.” त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर तळ्याकाठी जाणंच त्यांनी बंद केलं. मासे नेले, आणले, नवी पिलं सोडली, त्या उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत.

खरं कारण

मी आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवते. पुढच्या वर्षी शाळेत आरोग्य विभागाचे कर्मचारी पाणी तपासून दाखवायला आले होते. काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं. ‘ओटी टेस्ट’ म्हणतात हिला. पिवळं झालं म्हणजे पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजेच क्लोरीन आहे. पाणी प्यायला निर्धोक. मुलं टाळ्या वाजवत होती. माझ्या मात्र डोळ्यांपुढे ते तीन पिंप आले.

भात तिन्हीकडे पडला होता. गर्दी तिन्हीकडे होती. नळाचं ताजं पाणी मात्र दोन्हीकडेच पडलं आणि मेले तेही त्याच दोहोंतले. ज्या ड्रमला माझी बादली पोचली नाही, तो वाचला.

आपल्याला निर्धोक असलेला तो क्लोरीन माशाचे कल्ले भाजून काढतो. कल्ले म्हणजे माशाची फुप्फुसं. भातानं पाणी बिघडलं होतं, माशांना श्वास पुरत नव्हता, हे खरं. पण जीव घेतला तो माझ्या बादलीनं.

ही गोष्ट मी सासूबाईंना लगेच सांगितली का? नाही सांगितली. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. यंदा तळ्याच्या अस्तराचा जोड उसवला, पुन्हा मासे हलवायची वेळ आली, तेव्हा कुठे तोंड उघडलं. ते शेवटी सांगते. आधी कामाचं बघू.

आधी खात्री, मग गवंडी

उन्हाळ्यात पाणी वाफ होऊनही उतरतं. ते गळतंय की आटतंय हे बघायची सोपी युक्ती आहे. एक बादली पाण्यानं भरून तळ्यातच पायरीवर किंवा विटांवर ठेवा, तोंड वर राहील अशी. बादलीत आणि तळ्यात दोन्हीकडे पाण्याच्या पातळीची खूण करा. दोन-तीन दिवसांनी बघा. दोन्ही सारखंच उतरलं तर ऊन पितंय. तळ्यातलं जास्त उतरलं तर गळती. आम्ही यंदा माघातच ही परीक्षा केली. म्हणूनच घाई झाली नाही आणि तळं अर्धं भरलेलं असतानाच तयारीला लागता आलं.

विंचवाचं पाठीवर, माशाचं पाण्यात

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. माशाचं बिऱ्हाड म्हणजे त्याचं पाणी. भिंती कसल्याही असोत, ताडपत्रीच्या, प्लॅस्टिकच्या, त्याला फरक पडत नाही. पाणी बदललं की घर बदललं. तेव्हा पहिला नियम हा, की मासे हलवायचे ते त्यांच्याच पाण्यासकट.

आमच्याकडे याला आणखी एक कारण होतं. बायाबापड्या मैलभरावरून हंडे आणतात आणि मी माशांना नळाचं पाणी घालू? लाज वाटली असती. म्हणून यंदा थेंबभरही पिण्याचं पाणी वापरायचं नाही असं ठरवलं. तळ्याचंच पाणी पंपानं उपसून तात्पुरत्या टाक्यात घेतलं. शेजारी आणखी एक खड्डा खणला, जुन्या अस्तराचा धड तुकडा त्यात अंथरला आणि पुढच्या बदलासाठी अडीच हजार लिटर पाणी राखून ठेवलं. उरलेलं भाजीच्या वाफ्यांना दिलं.

टाकं केवढं हवं?

माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो आणि पाणी तापलं की तो कमी मावतो. २० अंशाच्या लिटरभर पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात मासा धापा टाकतो तो उगाच नव्हे. शिवाय प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरून, हवेतून. म्हणून उंच पिंपापेक्षा पसरट टाकं बरं. पातेल्यापेक्षा परात बरी म्हणा ना!

माझा हिशोब असा: हजार लिटरला दोन-अडीच किलो मासे, त्याहून जास्त नको. आमचे यंदाचे मासे सव्वीस. त्यांतले जुने सात किलो-किलोचे, बाकीचे लहान. एकूण अंदाजे तेरा किलो. टाकं केलं दहा फूट लांब, आठ फूट रुंद, पाणी अडीच फूट. तिन्हींचा गुणाकार दोनशे घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे साडेपाच हजार लिटरहून थोडं जास्त. बरोबर बसलं.

बांधायला सोपं आहे. दीड फूट खणलं आणि वरचा दीड फूट मातीनं भरलेल्या गोण्या रचून काढला. पाण्याचा दाब फार असतो हं, नुसत्या काठ्यांवर ताडपत्री टांगू नका, रात्रीत आडवी होते. तळाशी खडे वेचून जुनी गोधडी अंथरली, वर अठरा बाय सोळा फुटांची जाड ताडपत्री. ताडपत्री नवी असेल तर आधी धुऊन, एकदा पाणी भरून, ओतून घ्या. वास राहता कामा नये. टाकं सावलीत हवं. आम्ही वर मांडव घातला, जांभळीच्या डहाळ्यांचा.

शहरात खणायला जागा नसते. तिथे पाण्याची मोठी प्लॅस्टिकची टाकी, वरचा भाग रुंद असलेली, चालेल. पण तांब्या-पितळेचं घंगाळ नको, जस्ताची बादलीही नको. तांबं आणि जस्त माशांना विषासारखं बाधतं. आपण तांब्यातलं पाणी औषधी म्हणून पितो, माशाला ते सोसत नाही.

पाण्याचं विरजण

आता सगळ्यात महत्त्वाचं. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. उरलेलं अन्न कुजलं की त्यातूनही अमोनिया होतो. तो विषारी. जुन्या तळ्यात दगडांवर, अस्तरावर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यात सूक्ष्म जिवाणू राहतात. ते अमोनिया खाऊन त्याचं साध्या खारात रूपांतर करतात. नव्या टाक्यात हे जिवाणू नसतात. आपोआप तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे कसे तगतील?

दही लावताना आपण काय करतो? चमचाभर विरजण. तसंच इथे. तळ्यातले बुळबुळीत दगड, नारळाच्या काथ्याचे गुंडाळे जे असेल ते ओलंच उचलून नव्या टाक्यात ठेवायचं. नळाखाली घासून धुवायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही. विरजण पाण्यात थोडं आणि दगडांवर जास्त असतं. आम्ही एका ड्रमला खाली भोकं पाडली, त्यात तळ्यातली खडी आणि काथ्या भरला आणि लहान पंपानं टाक्यातलं पाणी त्यातून फिरवत ठेवलं. पाणी वरून पडताना हवाही मिसळते, असा दुहेरी फायदा.

वीज गेली तर? आमच्याकडे ती जातेच. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मिळतो, तो एक घरात असू द्या. तोही नसेल तर महादेवावर वैशाखात गळती टांगतात तशी भोकाची घागर, अर्थात मातीची, टाक्यावर टांगा आणि टाक्यातलंच पाणी त्यात ओतत राहा. किंवा पोरांच्या हाती मग द्या.

हलवायचा दिवस

आदला दिवस माशांना उपास. पोट रिकामं असलं की नव्या पाण्यात घाण कमी. काम पहाटे, ऊन चढायच्या आत. हात आणि जाळं दोन्ही ओलं हवं. माशाच्या अंगावरचा चिकट थर म्हणजे त्याचं चिलखत. कोरड्या हातानं तो निघतो आणि तिथेच रोग धरतो. गाठींच्या जाळ्यानं खवले उचकटतात. मी जुनी मऊ मच्छरदाणी वापरली. मोठा मासा जाळ्यात लटकवू नका, पाण्यातच टबात वळवा आणि टब उचला. हाताला साबण, तेल, बाम काही लागलेलं नको.

दोन्हीकडच्या पाण्याच्या तापमानात फरक असेल तर टब नव्या टाक्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग तांब्या-तांब्यानं नवं पाणी टबात घाला आणि शेवटी मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. लेकीला सासरी एकदम नाही ना ढकलत आपण?

आणि टाक्यावर जाळी! नव्या जागी मासे पहिल्या रात्री उड्या मारतात. मी जाळी घातली, पण एका कोपऱ्यात वीतभर फट राहिली. सकाळी एक रोहू मातीत पडलेला होता. सव्वीसांतला तेवढा एक गेला. जाळीमुळे मांजर, खंड्या आणि ढोकरी यांच्यापासूनही संरक्षण होतं.

मायेनं मारू नका

पाहुण्या घरी आलेल्या माशाला भरवावंसं वाटतं. नेमकं तेच करायचं नाही. पहिले दोन दिवस काहीच नको. मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. नंतरही तीन-चार मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. आम्ही भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग घालतो. उरलं तर लगेच जाळीनं काढायचं. भात, पोळी, पाव, फरसाण काही नको.

मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मरून तरंगल्याच्या बातम्या किती तरी वर्षी आल्या आहेत. श्रद्धेनं सोडलेलं अन्न पाण्यात कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासे गुदमरतात. सोडणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पाण्याला हेतू कळत नाही.

रोजची पाहणी

पहाटे उठल्याबरोबर टाक्याकडे एक फेरी मारा. रात्रभरात प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो, त्यामुळे काही बिघडलं असेल तर तेव्हा दिसतं. मासे वर येऊन हवा गिळताहेत का? पर मिटून कोपऱ्यात बसलेत का? अंग घासताहेत का? लाल चट्टे, कापसासारखा पांढरा थर आहे का?

हवा गिळत असतील तर खाणं बंद, पाणी वरून पाडायला सुरुवात आणि थोडं पाणी बदलायचं. आम्ही दर तिसऱ्या दिवशी तीनशे लिटर पाणी काढत होतो आणि राखलेल्या खड्ड्यातलं तेवढंच घालत होतो. काढलेलं पाणी दुधी-कारल्याच्या वेलांना. वेल असे फोफावले की विचारू नका! माशांचं पाणी म्हणजे आयतं खतच.

तुमच्याकडे नळाचंच पाणी असेल तर ते पसरट भांड्यात, झाकण न घालता दोन दिवस ठेवा, अधूनमधून ढवळा, मग वापरा. खात्री हवी तर ओटी टेस्टच्या नळीत थोडं पाणी घेऊन बघा; पिवळं झालं नाही तर क्लोरीन उडाला. नळीतलं पाणी मात्र टाकून द्यायचं. घाई असेल तर शोभेच्या माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, ते बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच घाला.

एखाद्या माशाला जखम दिसली तर त्याला वेगळ्या ड्रममध्ये ठेवा. शंभर लिटर टाक्यातल्याच पाण्यात तीनशे ग्रॅम खडे मीठ, आधी विरघळवून, थोडं थोडं करत घालायचं. माणसांची औषधं, उरलेल्या गोळ्या पाण्यात टाकू नका. आणि हो, डासांचा फवारा टाक्याजवळ नको. गावात धुरळणीची गाडी येणार असेल तर टाकं झाका आणि तेवढा वेळ हवेचा पंप बंद ठेवा. डास मारणारं औषध माशांनाही मारतं.

परत घरी

आमचं अस्तर आठ दिवसांत नीट झालं. पण तळं भरायला पाऊस हवा. मृग लागला तरी चार दिवस कोरडे गेले, मग असा कोसळला की टाकंच काठोकाठ आलं. हे आधीच ध्यानात घेऊन आम्ही गोण्यांच्या वरच्या थरात जाळी लावलेला पाइप बसवला होता, म्हणून जादा पाणी गेलं आणि मासे राहिले. पावसाळ्याच्या तोंडावर काम काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

तळ्यात दोन-अडीच फूट पाणी झाल्यावर आधी विरजणाचे दगड परत ठेवले, मग दोन मासे सोडले. तीन दिवस ते बरे राहिले, तेव्हा बाकीचे. सगळे मिळून पाच आठवड्यांचं बिऱ्हाड झालं. गेले सव्वीस, आले पंचवीस.

सिमेंटच्या हौदाचं मात्र वेगळं आहे. ताज्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि पाणी इतकं क्षारट होतं की मासे टिकत नाहीत. गिलावा मुरल्यावर हौद भरा, तीन-चार दिवसांनी पाणी सोडा, असं निदान तीनदा करा. शेवटच्या पाण्यात लाल लिटमस कागद बुडवा. मुलांच्या शाळेत मिळेल. तो निळा झाला तर आणखी एक पाणी. गळती बंद करायचं रसायन वापरणार असाल तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतं तेच आणायला सांगा.

आणि ती राहिलेली गोष्ट

यंदा गोण्या रचायचं काम चाललं होतं, तेव्हा मी सासूबाईंपाशी गेले. त्या वरई निवडत होत्या. म्हटलं, “आई, तेव्हा मासे तुमच्या भातानं नाही मेले. मी नळाचं पाणी ओतलं, त्यानं मेले. मला कळून दोन वर्षं झाली.”

त्या निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मला तेव्हाच वाटलं होतं. भात तर तिसऱ्या पिंपातही होता. पण म्हटलं, तू शिकलेली, तुला ठाऊक असेल.”

मी पुस्तकं वाचून, नळीतलं पाणी पिवळं झालेलं बघून जे शोधलं, ते त्यांनी त्याच दुपारी नुसतं बघून ओळखलं होतं. आणि गप्प बसल्या होत्या. मला काय बोलावं सुचेना. मी सूप पुढे ओढलं आणि निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मच्छरदाणीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्यांच्या. “सावकाश गं,” त्या म्हणाल्या, “मोठी सायप्रिनस त्यांच्या वेळची आहे.” त्यांच्या म्हणजे सासऱ्यांच्या. ती सात वाचलेल्यांतली. मला हे माहीतच नव्हतं.

आता सकाळची मूठ पुन्हा त्याच टाकतात. कोंड्याची, मोजून. कधी मूठ मोठी वाटली तर मी नुसतं बघते आणि त्या हसून अर्धी परत डब्यात टाकतात.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या बाई, गवंड्याला सोमवारी येऊ नका म्हणून सांगा, आठ दिवस पुढे ढकला. तोवर पसरट टाकी बघून ठेवा, हौदातलं पाणी आणि शेवाळलेले दगड तिच्यात घ्या, जाळी शिवून ठेवा. घंगाळ माळ्यावरच राहू द्या. आणि घरात कुणी वडीलधारं त्या माशांना रोज बघत असेल तर कामाला हात घालण्याआधी त्यांना एकदा विचारा, मासे कसे आहेत म्हणून.